जुन्या पिकअपचा हेडलाईट मंद पडतो, मध्येच जातो: बल्ब बदलण्याआधी काय काय तपासायचं

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. दिवस मावळला की दुकानासमोर पिकअप लागायला सुरुवात होते. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, फ्लॉवर, मेथी. माल भरलेला, ताडपत्री आवळलेली, पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचं आणि मध्ये माळशेज उतरायचा. ड्रायव्हर खाली उतरतो आणि म्हणतो, "मिस्त्री, बल्बची जोडी टाका, लाईट मंद झालाय."

बावीस वर्षं मी हेच काम करतोय. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या पिकअपला नुसता बल्ब बदलला आणि लाईट कायमचा सुधारला, असं फार थोड्या वेळा झालं. बल्ब चांगलाच असतो, त्याच्यापर्यंत वीज पुरी पोचत नाही. ती वाटेत कुठे अडतेय हे शोधायचं काम आहे, आणि त्यातलं निम्मं तुम्ही स्वतः, जवळजवळ फुकट करू शकता.

पुढचं सगळं 12 व्होल्टच्या, हॅलोजन लाईटच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. त्यांत तीन पिनांचा एच-फोर बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा, डिप्परची 55 वॅटची आणि अप्परची 60 वॅटची.

आधी लक्षण नीट ओळखा

एकच बाजू मंद आणि पिवळट, दुसरी ठीक: त्या बाजूचं अर्थिंग किंवा होल्डर.

दोन्ही मंद, पण रेस दिली की उजळतात: बॅटरी, तिचे टर्मिनल, बेल्ट किंवा डायनॅमो.

दोन्ही मंद आणि रेस देऊनही तसेच: स्विचपासून बल्बपर्यंतच्या वाटेत वीज अडतेय, नाहीतर आतला रिफ्लेक्टर गेलाय.

फक्त अप्पर लागत नाही किंवा फक्त डिप्पर: एकाच बाजूला असेल तर बल्बची तार तुटली. दोन्ही बाजूंना असेल तर फ्यूज, रिले (स्विचच्या थोड्या विजेवर बल्बची मोठी वीज चालू-बंद करणारी डबी) किंवा डिप्पर स्विच.

खड्ड्यात फडफडतो: बॅटरीचा टर्मिनल, अर्थिंगचा बोल्ट किंवा होल्डर सैल.

डिप्पर लावलेला असताना मीटरमधला अप्परचा निळा दिवा मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की त्याच तालावर पुढचा पार्किंग उघडझाप करतो: अर्थिंग. निळा दिवा का मिणमिणतो ते खाली सांगितलंय.

बल्ब महिन्या-दोन महिन्यांत उडतात: चार्जिंग जास्त होतंय, काचेला बोटं लागली होती, हेडलाईटमध्ये पाणी शिरतंय, किंवा बल्ब दाबून धरणारी स्प्रिंग ढिली आहे.

लाईट चांगला जोरात आहे, तरी रस्ता दिसत नाही आणि समोरून येणारे सारखे अप्पर मारून दाखवतात: फोकस वर गेलाय.

आणि एक लक्षण वेगळं सांगतो. अर्धा-पाऊण तास लाईट नीट चालतो, मग दोन्ही बाजू एकदम जातात. गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की परत लागतात. यात स्विच, रिले किंवा फ्यूजची बैठक तापतेय, आणि तापली की संपर्क सोडतेय. परत लागले म्हणून पुढे निघू नका. गार झाल्यावर लागलेला लाईट परत तापल्यावर परत जाणारच, आणि तेव्हा तुम्ही वळणावर असाल.

हात घालण्याआधी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकाला दगड. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. प्लसला लागलेला पाना बॉडीला टेकला आणि मध्ये कडं सापडलं तर ते क्षणात लाल होतं. नुकता विझवलेला बल्ब धरू नका. इंजिन चालू असताना बाही आणि मफलर बेल्टपासून लांब. वायर कापायची किंवा होल्डर बदलायचा असेल तर बॅटरीची मायनस आधी सोडा आणि जोडताना शेवटी जोडा. मायनस सुटलेली असली की प्लसवरचा पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

सामान थोडंच लागतं: टेस्ट लॅम्प, साधा मल्टीमीटर, पॉलिश पेपर, आणि दोन्ही टोकांना क्लिप लावलेली दोन मीटर वायर. या वायरमध्ये 15 अँपिअरचा फ्यूज बसवून घ्या. चुकून भलत्या जागी लागली तर फ्यूज उडेल, वायरिंग जळणार नाही.

काच पुसा, आत डोकावा

हसू नका, पण शेतातल्या वाटेवरून आलेल्या गाडीची काच ओल्या फडक्याने पुसली आणि काम झालं, असंही होतं. पुसल्यावर आत बघा. आतून वाफ धरलीय? तळाला पाणी आहे? मागचं रबरी बूट फाटलेलं किंवा गायब असेल तर धूळ आणि पाणी तिथूनच शिरतं. बल्ब बदलताना हे बूट काढतात आणि घाईत परत बसवत नाहीत.

रिफ्लेक्टर बघा. चकचकीत आरशासारखा हवा. राखाडी, डाग पडलेला, पापुद्रे सुटलेला असेल तर कितीही चांगला बल्ब लावा, उजेड पुढे फेकला जाणार नाही. तो कापडाने घासू नका, चकाकी पुसली जाते. असा हेडलाईट पूर्णच बदलावा लागतो. बाहेरची काच प्लॅस्टिकची असेल आणि पिवळी पडली असेल तर मात्र बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने आणि पॉलिशने बरीच सुधारते.

फोकस माल भरलेल्या गाडीवर तपासायचा. मागचे पाटे दबले की गाडीचं नाक वर होतं आणि डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रिकाम्या गाडीवर लावलेला फोकस रात्री उपयोगाचा नाही, कारण रात्री गाडी भरलेली असते. भिंतीपासून 10 मीटरवर सपाट जागी गाडी लावा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी, आणि आपण डावीकडून चालतो म्हणून ती डाव्या बाजूला थोडी चढती हवी. हेडलाईटच्या मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवून ती जागेवर आणा.

बॅटरीचे टर्मिनल

दोन्ही बाजू मंद असतील तर इथून सुरुवात. बोनेट उघडा, टर्मिनल हाताने पिळून बघा. हलले तर सैल. वर पांढरा-हिरवट फुलोरा आला असेल तर मायनस आणि मग प्लस सोडा, गरम पाणी टाकून साफ करा, आतून पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. हे पाणी आणि फुलोरा डोळ्यांत किंवा कपड्यांवर उडू देऊ नका, त्यात आम्ल असतं.

मीटर असेल तर दोन आकडे घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन चालू करून, थोडी रेस धरून, 13.8 ते 14.4. आता हेडलाईट लावा. आकडा जरा उतरेल, पण 13 च्या खाली घसरत असेल तर बेल्ट ढिला आहे किंवा डायनॅमो कमी चार्ज करतोय. बेल्ट ताणणं तुम्हाला जमेल, डायनॅमो उघडणं वायरमनचं काम.

फ्यूज

फ्यूज स्वस्त आहे आणि दोन मिनिटांत बघता येतो. पण नुसता वरून बघू नका, उपटून हातात घ्या. आतली पट्टी शाबूत असली तरी पाय बघा. एखादा पाय काळवंडलेला, प्लॅस्टिक त्या बाजूने वितळून वाकलेलं असेल तर फ्यूजची बैठक सैल झालीय. सैल जागी वीज जाताना उष्णता होते, उष्णतेने पितळेची पकड आणखी सैल होते, आणि हे चक्र वाढत जातं. नवा फ्यूज तिथेच खोचला तर तोही तसाच होणार. ती बैठक बदलायला हवी.

फ्यूज त्याच अँपिअरचा लावा. लाल 10 चा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. उडालेल्या 15 च्या जागी 30 चा, किंवा वायरचा तुकडा, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी, यातलं काहीही लावू नका. फ्यूज उडतो म्हणजे पुढे कुठेतरी वायर बॉडीला टेकलीय. फ्यूज न उडू दिला तर त्याच्याऐवजी डॅशबोर्डच्या आतली वायर जळते. मी अशा दोन केबिन जळालेल्या पाहिल्यात. एकात पोरगा क्लीनर झोपलेला होता, आरडाओरडा झाला म्हणून वेळेत बाहेर आला.

नवा फ्यूज लावला आणि लगेच उडाला, तर दुसरा लावून बघू नका. तपास इथेच थांबवा आणि वायरमनकडे जा.

बल्बची अदलाबदल

नवा बल्ब विकत घेण्याआधी डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा. मंदपणा बल्बाबरोबर गेला तर बल्बच खराब. मंदपणा त्याच बाजूला राहिला तर बल्ब चांगला आहे, दोष वायरिंगमध्ये आहे. पाच मिनिटांचं, फुकटचं काम, आणि माझ्याकडे येणारे दहातले आठ जण ते करत नाहीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात चांगल्या बल्बांचा ढीग घेऊन फिरतात.

बल्ब धरताना त्याच्या पत्र्याला किंवा पिनांना धरा, काचेला नाही. हॅलोजनची काच भयंकर तापते. बोटाचा तेलकट डाग जिथे असेल तिथे ती जास्त तापते, फुगते आणि बल्ब लवकर जातो. हात लागलाच तर स्वच्छ कापडाने, स्पिरिट असेल तर स्पिरिटने पुसून घ्या. बल्ब खाचेत नीट बसला आणि स्प्रिंग अडकली याची खात्री करा. वाकडा बसलेला बल्ब उजेड झाडाच्या शेंड्यावर फेकतो.

होल्डर

बल्बच्या मागे बसणारं तीन भोकांचं होल्डर काढा आणि भोकांत बघा. पांढरं किंवा काळं प्लॅस्टिक एका भोकाभोवती तपकिरी झालंय का, जळकट वास येतो का, आतली पट्टी काळी आहे का. बल्बच्या पिनेवरही तोच डाग असेल. होल्डरपासून बोटभर अंतरावरची वायर वाकवून बघा. जुनी, तापलेली वायर कडक होते आणि वाकवली की वरचं आवरण तडकतं. आतलं तांबं काळं पडलेलं दिसेल.

असं होल्डर बदला. चिनी मातीचं म्हणजे सिरॅमिकचं घ्या, उष्णतेला टिकतं. काळं तांबं दिसत असेल तेवढी वायर कापत मागे या, लालसर चकचकीत तांबं लागेपर्यंत. काळ्या तांब्यावर कितीही छान जोड मारला तरी तो टिकत नाही. पिळा देऊन टेप गुंडाळलेला जोड तर पुढच्या पावसाळ्यापर्यंतच. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी किंवा कडी) दाबून किंवा झाळून जोडा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

अर्थिंग

सगळ्यात जास्त गाड्या मी इथे दुरुस्त केल्यात, म्हणून इथे जरा थांबतो.

बॅटरीच्या प्लसमधून निघालेली वीज बल्बमधून जाऊन मायनसला परत यायला हवी. परतीची वाट म्हणजे बल्बपासून बॉडीला जोडलेली छोटी वायर, मग बॉडी, चासी आणि तिथून बॅटरीची मायनस. प्लसच्या वायरकडे सगळे बघतात. परतीचा तो एक बोल्ट हेडलाईटच्या मागे चिखलात, पाण्यात वर्षानुवर्षं गंजत पडलेला असतो. खताची पोती वाहणाऱ्या गाडीत हे फार लवकर होतं, कारण युरिया आणि पोटॅश हवेतलं पाणी ओढून घेतात आणि पत्र्यावर खारा ओलावा धरतात. कोकणातून मासळी आणणाऱ्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी तेच करतं.

आता निळ्या दिव्याचं. एच-फोर बल्बच्या दोन्ही तारांचं अर्थिंग एकच असतं. ते सुटलं की डिप्परच्या पिनेतून आत आलेल्या विजेला बाहेर पडायला जागा नसते. मग ती त्याच बल्बच्या अप्परच्या तारेतून उलटी बाहेर पडते, अप्परच्या वायरने दुसऱ्या बाजूच्या बल्बपर्यंत जाते आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगला उतरते. तीन तारांतून एकीमागून एक गेल्यामुळे एकही नीट पेटत नाही, सगळ्या लालसर मिणमिणतात. अप्परच्या वायरमध्ये थोडी वीज आली म्हणून मीटरमधला निळा दिवाही जागा होतो. हे दिसलं की बल्ब, स्विच, रिले कशालाही हात न लावता थेट अर्थिंगचा बोल्ट शोधा.

तपासायचं असं. आधी टेस्ट लॅम्पने तीन पिनांपैकी अर्थची कुठली ते नक्की करा. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि सामाईक पिनेत प्लस येतो, तिथे डोळे झाकून क्लिप लावली तर शॉर्ट होईल. पिन नक्की झाली की लाईट चालू ठेवून क्लिपवायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं त्या पिनेला लावा. लाईट एकदम उजळला तर दोष सापडला. मीटर असेल तर आणखी नेमकं कळतं. लाईट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं बल्बच्या अर्थ पिनेवर. आकडा जवळजवळ शून्य हवा. 0.2 च्या वर गेला तर परतीच्या वाटेत अडथळा आहे.

ओतूरकडचे एक तात्या. वाशीची रोजची ट्रिप. उजवा लाईट मंद म्हणून दोन महिन्यांत तीन जोड्या बल्ब टाकलेले. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, आता भारीतला भारी टाका, पैशाचं बघू नका." मी म्हटलं, "तात्या, पाच मिनिटं थांबा, आधी मीटर लावतो." अर्थ पिनेवर 3.1 व्होल्ट. म्हणजे तीन व्होल्ट बल्बला न मिळता त्या बोल्टवरच खर्ची पडत होते. बोल्ट उघडला. थिंबलच्या खाली पांढऱ्या रंगाचा जाड, गुळगुळीत थर होता. गाडी मध्यंतरी ठोकली होती, डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, रंगाऱ्याने पत्रा रंगवला आणि वर थिंबल आवळून टाकलं. वीज जात होती ती फक्त बोल्टच्या आट्यांतून. रंग खरवडून पैशाएवढी जागा पांढरी चकचकीत केली, दात असलेला वॉशर टाकला, आवळलं, वर ग्रीस. आकडा 0.1 वर आला. तात्यांनी भिंतीवर पडलेला उजेड बघितला आणि गाडीतून जुने बल्ब काढून माझ्या टेबलावर ठेवले. सहाच्या सहा चांगले होते.

आणखी एक अर्थिंग विसरलं जातं: इंजिन आणि चासी यांच्यामधली जाड पट्टी. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ती लावायची राहते. मग सेल्फ जड जातो आणि वीज ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत यायला बघते. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर ही पट्टी बघाच.

जळत्या बल्बवर व्होल्टेज मोजा

इथपर्यंत सापडलं नाही तर ही तपासणी उरलेलं सगळं सांगते. इंजिन चालू, हलकी रेस, लाईट चालू. आधी बॅटरीवर आकडा घ्या. मग होल्डर बल्बला लागलेलं असतानाच मागून मीटरची टोकं पिनांना टेकवा. फरक अर्ध्या व्होल्टपर्यंत असेल तर वायरिंग ठीक. एक व्होल्टच्या वर असेल तर काम आहे.

बल्ब जळत असतानाच का मोजायचं? होल्डर काढून नुसतं मोजलं तर वायरीची एक काडी शाबूत असली तरी मीटर पूर्ण 12 दाखवतो. मीटरला वीज जवळपास लागतच नाही. बल्बला साडेचार-पाच अँपिअर लागतात, आणि ते ओढले जायला लागले की ती काडी उघडी पडते. "मीटरवर तर बरोबर 12 येतंय" असं सांगणाऱ्यांची चूक इथेच होते.

व्होल्ट थोडे कमी झाले की उजेड फार कमी होतो, हे लक्षात ठेवा. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. बॅटरीवर 13.6 आणि बल्बवर 10.9 असे आकडे जुन्या पिकअपवर मला नेहमी दिसतात. पाचवा हिस्सा वीज वाटेत राहिली, आणि उजेड निम्म्याहून कमी झाला. अशा गाडीला कुठलाही बल्ब लावा, रस्ता काळाच.

स्विच आणि रिले

बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये हेडलाईटची सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जाते. दोन 55 वॅटचे डिप्पर म्हणजे साधारण नऊ अँपिअर, रोज रात्री पाच-सहा तास. स्विचच्या आतले पॉइंट काळे होतात, तापतात, आणि मघाशी सांगितलेलं लाईट जाणं-येणं सुरू होतं. अर्धा तास लाईट चालवून स्विचच्या कव्हरला हात लावा. कोमट ठीक, हात काढावासा वाटला तर स्विच किंवा त्याचं कपलर गेलंय.

गाडीत मुळात रिले असेल तर लाईट लावताना टक् असा आवाज ऐका. आवाज येतो पण लाईट नाही, तर हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असल्यास अदलाबदल करून बघा.

रिले नसेल तर बसवून घ्या. जुन्या गाडीला यापेक्षा उपयोगी खर्च नाही. डिप्परला एक, अप्परला एक. बॅटरीच्या प्लसपासून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 मधून बल्बला. 85 ला अर्थ आणि 86 ला स्विचमधून येणारी जुनी वायर. आता स्विचमधून जाते ती फक्त रिलेला लागणारी वीज, पाव अँपिअरहूनही कमी. बल्बला मात्र बॅटरीपासून आखूड, जाड वाटेने भरपूर मिळते. आधीचा आणि नंतरचा आकडा घेऊन बघा, साध्या 60/55 च्या बल्बवर लाईट ओळखू येत नाही.

अर्थ-स्विचच्या गाडीत हीच जोडणी चालत नाही. तिथे, आणि तयार किट आणूनही जोडणी डोक्यात स्पष्ट बसत नसेल तिथे, वायरमनकडून करून घ्या.

100/90 वॅटचे बल्ब मात्र जुन्या वायरिंगवर लावू नका. डिप्परची वीज नऊवरून पंधरा अँपिअरवर जाते आणि कमजोर जोडांवरची उष्णता अडीच पटीहून जास्त वाढते. होल्डर वितळतं, स्विच जळतो, रिफ्लेक्टर करपतो. दोन हॅलोजनच्या जागी खोचायचे एलईडी बल्बही मी अशा गाड्यांना लावून देत नाही. हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा उजेड बहुतेक वेळा फुटतो, समोरच्याला आंधळं करतो, आणि धुक्यात तर आपल्याच समोर पांढरी भिंत उभी राहते. माळशेजच्या पावसाळी धुक्यात अप्परही लावायचा नसतो, नीट लावलेला डिप्परच चालतो.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

धूर किंवा रबर जळाल्याचा वास आला तर लाईट बंद करा, बॅटरीची मायनस सोडा, आणि वायरिंग उघडून तपासल्याशिवाय परत जोडू नका.

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. डॅशबोर्डच्या आतल्या वायरिंगचा जुडगा वितळून एकमेकांना चिकटला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 15 च्या वर व्होल्ट दिसले, म्हणजे डायनॅमोचा कट-आऊट, चार्जिंग आवरणारा भाग, गेला. त्यात नुसते बल्बच जात नाहीत, बॅटरीही उकळून फुटू शकते. गाडी पुराच्या पाण्यात बंपरच्या वर बुडाली होती. स्विचसाठी एअरबॅग असलेलं स्टिअरिंग उघडावं लागणार आहे. यांत घरी काही करू नका.

रस्त्यावर, घाटात दोन्ही लाईट एकदम गेले तर चारही इंडिकेटर लावा, ब्रेक हळू दाबा, डावीकडे रुंद जागा बघून थांबा, मागे लांबवर दगड आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. पुढच्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्याच्या आधाराने घाट उतरू नका. त्याला तुम्ही दिसत नाही, आणि त्याने ब्रेक मारला तर तुम्हाला अंतर मिळत नाही. माल दोन तास उशिरा पोचेल. तसा फोन व्यापाऱ्याला करा आणि उजाडेपर्यंत थांबा.

वायरमनकडे गेलात की "लाईट मंद आहे" एवढंच सांगू नका. कुठली बाजू, अप्पर की डिप्पर, किती वेळाने जातो, रेस दिल्यावर बदलतो का, बल्बची अदलाबदल केल्यावर काय झालं, अलीकडे डेंटिंग, क्लच किंवा बॅटरीचं काम झालंय का, हे सांगा. त्याचा तासभर वाचतो आणि तुमचे पैसे. आणि काम झाल्यावर त्याला जळत्या बल्बवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. तो बॅटरीच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली नको.